कृष्णाकाठच्या विहिरीचे दोन धडे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या व्हरांड्यात, आरोग्य केंद्राच्या फाटकाशी एक वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. ‘पाणी गाळून, उकळून, गार करून प्या.’ सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात जा, कुठे ना कुठे ते रंगवलेले सापडेल. ते इतके ओळखीचे झाले आहे की त्याच्याकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. परंतु श्रोतेहो, या एका ओळीमागे शंभर वर्षांची कमाई आहे. ती शिकण्यासाठी कित्येक घरांनी आपली माणसे गमावली. आज मला त्या ओळीचा इतिहास सांगायचा आहे. त्याचबरोबर हेही सांगायचे आहे, की गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्याच शिवारात असा एक बदल घडला, की तिथे ही ओळ अपुरी पडू लागली. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर ती कधी कधी उलटी पडते.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी पाण्याच्या दृष्टीने ते एकच घर आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. सांगली, मिरज, जत ही संस्थाने दक्षिण साताऱ्यात आली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णामाईला मात्र ही वाटणी कधी कळली नाही. महाबळेश्वरी उगम पावून ती वाईवरून खाली येते, माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला मिठी मारते, हरिपूरला वारणेला पोटात घेते आणि मिरजेकडून पुढे जाते. तिच्या काठची काळी जमीन आणि त्या जमिनीखालचा काळा पाषाण दोन्ही जिल्ह्यांत सारखाच. नदीपासून दूर असलेल्या माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पाऊस जेमतेम. तिथे पिण्याचे पाणी म्हणजे विहीर, आणि नदीकाठीसुद्धा नळ येईपर्यंत पुष्कळ गावांचे पिण्याचे पाणी म्हणजे विहीरच.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या वर्षांत विरूबाईंनी ती बांधवली. अष्टकोनी आकार, सुमारे ११० फूट खोली, आत उतरायला प्रशस्त जिना, आणि एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. आमराईला पाणी द्यायचे म्हणून हा सारा खटाटोप. त्या विहिरीच्या काठावर उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. मोट ओढणारे बैल दमत. ते दमले की पाणी थांबे. म्हणजे जमिनीतून किती पाणी उपसायचे आणि पिकाला किती सोडायचे, याची मर्यादा बैलांच्या खांद्यावर ठरलेली होती. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

त्या काळची माणसे पाण्याची पारख कशी करत? डोळ्यांनी, नाकाने, जिभेने आणि चुलीने. पाणी गढूळ असेल तर निवळीची बी उगाळून किंवा तुरटी फिरवून ते निवळत. वास आला तर आड उपसून गाळ काढत. एखाद्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, दुसरीच्या पाण्यात शिजत नाही, हे बायकांना बरोबर ठाऊक असे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. तेव्हा मुलांना सांगायचे, की तुमच्या आजीची डाळ ही गावातली पहिली रासायनिक प्रयोगशाळा आहे. ज्या पाण्यात चुन्याचे क्षार जास्त ते जड पाणी. त्यात डाळ दडदडीत राहते आणि साबणाला फेस येत नाही. ही पारख खरी होती, शास्त्राला धरून होती. पण जे डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही आणि चुलीवर कळत नाही, ते या पारखेतून निसटत होते.

असे निसटलेले पहिले संकट म्हणजे जंतू. पटकीची साथ आली म्हणजे गाव हादरून जाई. सकाळी शेतावर गेलेला गडी संध्याकाळी तिरडीवर. वारीच्या वाटेने साथ पसरे, जत्रेहून परतलेल्या माणसांबरोबर ती घरात शिरे. लोक मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. पलीकडच्या गावाने तो आणखी पुढे लोटावा, अशी रीत होती. रोग पाण्यातून येतो हे लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्ये दाखवून दिले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात रुग्णांमध्ये आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू ओळखला. तरी ही विद्या आपल्या आडापर्यंत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे लागली. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले, त्यातून या भागाला आधुनिक वैद्यकाची ओळख झाली. पुढे विहिरीत लाल औषध पडू लागले, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. नंतर टीसीएल पावडर आली. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन उतरले आहे की नाही हे थेंबभर औषधाने तपासू लागला. माणसे मरायची थांबली, तेव्हा गाडाही हळूहळू मागे पडला.

दुसरा विजय नारूवरचा. तरुण श्रोत्यांना हा शब्द कदाचित माहीतही नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस पाय बुडवून उतरे. त्याच्या फोडातून अळ्या पाण्यात जात, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात शिरत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात साधारण वर्षभराने हातभर लांबीची कृमी बाहेर पडे. काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी ती ओढायची. माझ्या आजीच्या पोटरीवर तो वण होता. या रोगावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. उपाय एकच, पाणी दुहेरी फडक्याने गाळायचे आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडा घालून पाणी वरून शेंदायचे. १९८० नंतरच्या दशकात देशभर मोहीम झाली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. एका साध्या फडक्याने मिळवलेला असा विजय आरोग्याच्या इतिहासात फारसा सापडायचा नाही.

या दोन विजयांनी आपल्या मनावर एक धडा कोरला. पाण्यातला शत्रू जिवंत असतो. त्याला गाळा, उकळा, औषधाने मारा, की पाणी निर्धोक. १९७२ च्या दुष्काळात हा धडा आणखी पक्का झाला. खडी फोडायला गेलेल्या आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला आठवत असेल, त्या सुमारास गावोगावी बोअर मारणारी यंत्रे आली. शेजारच्या सोलापुरात तयार झालेल्या हापशाच्या धर्तीवर पुढे इंडिया मार्क दोन हा हापसा निघाला आणि देशभर गेला. हापशाचे पाणी बंद नळीतून येते, त्यात पालापाचोळा पडत नाही, कोणी पाय बुडवत नाही. म्हणून हापशाचे पाणी चांगले, असे आपण मानले. जंतूंच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही होते.

आता दुसऱ्या धड्याकडे वळते. तो शिकवायला पटकी आली नाही. तो आला समृद्धीच्या पावलांनी.

कराडजवळ खोडशीला बंधारा घालून कृष्णा कालवा काढला गेला तो १८६० च्या दशकात. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे नांगर झाले आणि पुढे पंप झाले. १९३२ मध्ये साताऱ्याच्या फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरचा आदर्श पुढे ठेवून आपल्याकडे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९६० च्या दशकात कोयनेची वीज आली, विहिरीवर मोटार बसली आणि नदीवरून उपसा जलसिंचनाच्या पाइपलाइनी माळावर चढल्या. बैलांच्या खांद्यावर ठरलेली ती जुनी मर्यादा संपली. आता बटण दाबले की पाणी, आणि रात्रभर पाणी.

याच काळात खत आले. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी शोधली आणि १९१३ मध्ये तिचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे १९५१ मध्ये सिंद्रीचा खत कारखाना चालू झाला, १९६० च्या दशकात तुर्भ्याचा. पांढरा दाणेदार युरिया सोसायटीतून बांधावर पोहोचला. या खताने देशाची भूक भागवली, हे विसरून चालणार नाही. माझ्या माहेरच्या घरावर पत्रा जाऊन स्लॅब पडला तो उसाच्याच पैशातून, आणि माझे कॉलेजचे शिक्षण झाले तेही त्यावरच. तेव्हा उसाला शिव्या देण्यासाठी मी बोलत नाही. मला फक्त त्या नत्राचा हिशेब मांडायचा आहे.

आडसाली उसाला विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी ४०० किलो नत्र लागते. म्हणजे एकरी १६० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते. आजच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो. म्हणजे सगळे नत्र युरियातूनच दिले तर एकरी जवळजवळ आठ पोती. ही झाली शिफारस. शेजाऱ्याच्या उसापेक्षा आपला ऊस काळाभोर दिसावा म्हणून एखादे पोते जास्त टाकणारे हात आपल्याला ठाऊक आहेत. आता यातले पीक किती घेते? साधारण निम्मे, पुष्कळदा त्याहून कमी. उरलेल्यातले काही हवेत जाते, काही मातीत राहते आणि काही पाण्याबरोबर खाली उतरते.

खाली कसे उतरते ते थोडे समजून घेऊ. युरिया जमिनीत पडला की आठ-पंधरा दिवसांत त्याचे आधी अमोनियम होते आणि मग नायट्रेट होते. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात, कारण त्यांचे विद्युतभार एकमेकांच्या उलट असतात. नायट्रेटचा भार मातीसारखाच, म्हणून माती त्याला धरत नाही. सरी भरून पाणी सोडले, की ते साखरेसारखे विरघळते आणि मुळांच्या खाली निघून जाते. काळ्या मातीखाली मुरूम, मुरुमाखाली चिरा पडलेला पाषाण, आणि त्या चिरांतून पाझर आपल्या विहिरीत. एक किलो नत्राचे सुमारे ४.४ किलो नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. या मापाने पाहिले तर विहिरीत उतरलेले एक किलो नत्र जवळजवळ एक लाख लिटर शुद्ध पाण्याला मर्यादेच्या काठावर आणून ठेवू शकते.

ही वाट फक्त खताची आहे असेही नाही. गोठ्यातले मूत, परड्यातला उकिरडा, विहिरीच्या अंगाला खणलेला संडासाचा शोषखड्डा, या साऱ्यांतले नत्र शेवटी नायट्रेट होऊनच झिरपते. २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. सांगली जिल्ह्याचेच सुपुत्र आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने ते झाले आणि गावे झाडून लखलखीत झाली. संडास झाले ही फार मोठी गोष्ट घडली. पण संडासाचा खड्डा पिण्याच्या आडापासून किती अंतरावर असावा, हा प्रश्न मात्र पुष्कळ ठिकाणी जागेच्या अडचणीत हरवला.

आपल्या शेतकऱ्यांना या पाझराची एक खूण फार आधी दिसली होती. उसाच्या रानात पांढर फुटली, जमीन चोपण झाली, क्षारपड झाली. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत सोन्यासारखी रानेच्या राने अशी गेली. जास्तीच्या पाण्याने जमिनीतले क्षार वर आणले. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने भूमिगत निचऱ्याचे तंत्र या भागात रुजवायला मदत केली आणि काही रान परत लागवडीला आले. जमिनीवर मीठ फुटले ते दिसले, म्हणून त्याची चर्चा झाली. विहिरीत उतरलेले नायट्रेट दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात ते असते तेवढ्याने चव बदलत नाही. आजीच्या डाळीलाही ते कळत नाही.

मग त्याचे वाईट काय, असे कोणी विचारेल. याचे उत्तर १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून आले. तोही आपल्यासारखाच शेतीचा मुलूख, घरोघरी विहिरी. हंटर कोमली नावाच्या डॉक्टरकडे काही आठवड्यांची बाळे आली. ओठ निळे, नखे निळी, अंगाचा रंग राखट. हृदयात दोष सापडेना. त्यांना बाटलीतून दूध दिले जात होते आणि ते दूध शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले होते. पाणी तपासले तेव्हा त्यात नायट्रेट भरपूर निघाले. पाणी बदलले आणि बाळे सुधारली. नंतर १९५१ मध्ये त्या देशातल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा अशी २७८ प्रकरणे आणि ३९ मृत्यू मोजले गेले. नायट्रेटची आजची मर्यादा मुळात त्या अनुभवावर आधारलेली आहे.

शरीरात काय होते ते असे. नायट्रेटचे नायट्राइट होते. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि त्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसते आणि बाळ निळे पडते. मोठ्या माणसाच्या जठरात आम्ल पुरेसे असते आणि बिघडलेले हिमोग्लोबिन पूर्ववत करणारी यंत्रणाही तयार असते. तान्ह्या बाळाकडे हे दोन्ही अपुरे. म्हणून पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे. गरोदर बाईनेही जपायला हवे. मोठ्यांच्या बाबतीत प्रश्न सावकाश होणाऱ्या परिणामांचा आहे. पोटात ज्या परिस्थितीत नायट्रेटपासून नायट्रोसो संयुगे बनतात, त्या परिस्थितीत ते बहुधा कर्करोगकारक ठरते, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. याचा अर्थ गावात कोणाला कर्करोग झाला की लगेच विहिरीकडे बोट दाखवावे, असा मात्र नाही. अशा अफवांनी माणसे घाबरतात आणि तपासणी राहून जाते.

आता भिंतीवरच्या त्या ओळीकडे पाहू. वर्गात मी एक प्रयोग करून घेत असे. स्टीलच्या ताटलीत विहिरीचे पाणी घ्यायचे आणि पूर्ण आटेपर्यंत तापवायचे. ताटलीत पांढरा थर उरतो. त्यात बराचसा चुना असतो, पण पाण्यात विरघळलेले नायट्रेटही त्यातच असते. मी मुलांना विचारायचे, वाफ होऊन कोण गेले? पाणी गेले. मेले कोण? जंतू मेले. मग उरले कोण? समजा पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. आईने बाळाच्या काळजीपोटी ते चांगले उकळले आणि तीन पेल्यांचे दोन पेले झाले. आता त्याच पाण्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम झाले. जंतूंसाठी उकळणे योग्यच आहे, ते सोडू नका. पण नायट्रेट उकळून जात नाही, तुरटीने बसत नाही, फडक्यात अडत नाही आणि टीसीएलने मरत नाही. पहिल्या धड्यातली सगळी हत्यारे दुसऱ्या शत्रूपुढे बोथट आहेत.

जंतूंपासून पळताना रसायनाच्या तावडीत सापडणे हे काही आपल्याच वाट्याला आले नाही. बंगालमध्ये तळ्यांचे घाण पाणी सोडून लोकांनी नलकूप खणले, म्हणजे आपल्या भाषेत बोअर. जुलाब-पटकी कमी झाली. १९८३ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांकडे अंगावर काळे डाग आणि तळहातांवर कठीण गाठी आलेले खेडूत येऊ लागले. नलकूपांच्या पाण्यात आर्सेनिक होते. तिथे विष जमिनीतच होते. आपल्याकडे ते बरेचसे आपण वरून ओतलेले आहे, म्हणजे कमी करणेही आपल्या हातात आहे.

कृष्णेच्या प्रदूषणावर आपण बोलत नाही असे नाही. मळीमिश्रित पाणी नदीत आले की पाणी काळे पडते, वास सुटतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात असे असंख्य मासे मेले. छायाचित्रे छापून आली, आंदोलने झाली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. शेरीनाल्याचे सांडपाणी हा तर सांगलीकरांचा वर्षानुवर्षांचा संताप. हा संताप रास्त आहे. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले ते १९७० साली, आणि कायद्याला पाइपचे तोंड दाखवता येते. हजारो सऱ्यांमधून झिरपणाऱ्या पाण्याला तोंड नाही. नोटीस कोणाला द्यायची? तिथे प्रदूषण करणारे आणि ते पाणी पिणारे बहुधा एकाच घरातले असतात.

एकाच घरातले म्हटले खरे, पण नेहमीच नाही. पाण्याच्या इतिहासात कोणत्या वाट्याला कोणते पाणी आले, हा प्रश्न याच मातीने फार कठोरपणे विचारला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. १९०१ मध्ये भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालेल्या त्या लहान मुलाला मसूर स्टेशनाच्या पुढच्या प्रवासात प्यायला पाणी मिळाले नाही. वाटेत होते ते गुरांच्या शेणामुताने घाण झालेले डबके. जवळ भरपूर खायला असून मुले उपाशी झोपली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. काळ बदलला. पण आज हंगामात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला आलेल्या टोळ्या कोप्या कुठे घालतात आणि पाणी कुठले पितात, हे एकदा पाहावे. ज्या रानात खताची पोती पडली, पुष्कळदा त्याच रानातल्या विहिरीचे. त्या टोळीत गरोदर बायका असतात, कोपीत पाळणा बांधलेला असतो. गावचा शुद्ध पाण्याचा जार त्यांच्यापर्यंत जात नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलेल्या जिल्ह्यांत सातारा आणि सांगली ही दोन्ही नावे आहेत. म्हणजे सगळ्या विहिरी वाईट असे नव्हे, काही भागांतल्या काही विहिरी. मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त होते, महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ३५ टक्क्यांहून अधिक. २०१७ मध्ये देशात असे ३५९ जिल्हे होते, २०२३ मध्ये ४४० झाले. शेजारच्या विहिरीत नायट्रेट नसेल आणि आपल्या विहिरीत असेल, असेही घडते. म्हणून जिल्ह्याचा आकडा ऐकून घाबरण्यापेक्षा किंवा निश्चिंत होण्यापेक्षा आपल्या विहिरीचा आकडा विचारलेला बरा.

तो विचारणे अवघड नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची रासायनिक तपासणी होते. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा असे दोन नमुने द्यावेत, कारण पहिल्या पावसाने साचलेले नायट्रेट खाली उतरते. नायट्रेट जास्त निघाले तर पिण्यापुरते पाणी दुसऱ्या चांगल्या विहिरीचे किंवा नळयोजनेचे घ्यावे. गावात आरओचे यंत्र असेल तर ते नायट्रेट कमी करते, मात्र त्याची झिल्ली वेळेवर बदलली जाते का, तेही विचारावे.

घरातल्या आजींना माझी एक विनंती आहे. बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. आईने पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. वरचे पाणी नको, साखरपाणी नको, सहाणेवर उगाळलेली बाळगुटीसुद्धा नको, कारण तीही पाण्यातच उगाळतो. वरचे दूध द्यावेच लागले तर ते कालवायचे पाणी तपासलेले हवे. बाळाचे ओठ-नखे निळी दिसली तर नजर काढत बसू नका, त्याच पावली दवाखाना गाठा आणि पाणी विहिरीचे आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मिथिलीन ब्ल्यू नावाचे इंजेक्शन यावर लागू पडते, पण डॉक्टरांच्या मनात ती शंका यायला हवी.

रानातले काम शेतकऱ्यांचे. माती तपासून खत द्यावे. एकदम देण्याऐवजी लागणीला, फुटव्याला, बांधणीला असे विभागून द्यावे. ठिबकातून दिले तर थोडक्यात भागते. पाचट जाळू नये, ताग-धैंचा गाडावा. वाचलेले पोते म्हणजे वाचलेले पैसे, हे बाजाराच्या भाषेतही खरे आहे. पिण्याच्या आडाभोवती उकिरडा, गोठा आणि शोषखड्डा येणार नाही, याचा ठराव ग्रामसभेत करायला कोणाची परवानगी लागत नाही.

पटकीचा धडा आपण शिकलो, कारण ती दोन दिवसांत माणूस नेत होती. नायट्रेट घाई करत नाही, म्हणून त्याचा धडा आपणहून शिकायला हवा. एवढेच करा. उद्या ग्रामपंचायतीत जा आणि पिण्याच्या विहिरीची शेवटची रासायनिक तपासणी कधी झाली, नायट्रेट किती निघाले, हे विचारा. कागद सापडला तर तो आकडा आणि तारीख भिंतीवर त्या जुन्या ओळीच्या खाली रंगवून घ्या. शेजारी मर्यादा लिहा, ४५. कागद सापडला नाही, तर जलसुरक्षकाला बरोबर घ्या आणि बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवा.